पाहिलं तेवढंच

ती दुपार मी विसरलेलो नाही, आणि मरेपर्यंत विसरू नये एवढंच देवाकडे मागणं आहे. पोलीस खात्यात माणूस चोरांकडून बरंच शिकतो. मला मात्र शिकवलं ते दहावीतल्या एका मुलीनं.

तेव्हा मी तंजावूरजवळ, कावेरीकाठच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. एका वृद्ध वीणाशिक्षिकेची वीणा भर दुपारी ओसरीवरून नाहीशी झाली. फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, त्यांच्या वडिलांची. बाई तक्रार द्यायला आल्या त्या रडत नव्हत्या, नुसत्या आपल्या रिकाम्या हातांकडे बघत होत्या. मलाच राहवलं नाही. म्हटलं, "दोन दिवसांत चोर आणतो." बोलून बसलो!

संध्याकाळपर्यंत खबऱ्यानं बातमी आणली. आमच्या नोंदीतला एक जुना घरफोड्या त्या दुपारी त्याच गल्लीत दिसला होता. बरीच वर्षं तो शहाळी विकून पोट भरत होता. त्याला उचलून आणला. "सार, शहाळी द्यायला गेलो होतो. वीणेला मी जन्मात हात लावलेला नाही," हे एकच पालुपद. खोटं बोलणारा दर खेपेला गोष्ट थोडी सुधारून सांगतो. हा एक शब्द बदलत नव्हता. तिथंच मी ओळखायला हवं होतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आम्ही त्याच्याबद्दल म्हणून मोकळे झालो. फाटकाशी त्याची बायको डबा घेऊन उभी होती. कागदावर अटक दाखवली की नवरा पुन्हा जन्मभराचा चोर ठरणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

साक्षीदार एकच, वीणा शिकायला येणारी पंधरा वर्षांची मुलगी. चादरीत गुंडाळलेलं लांबलचक काही घेऊन जाणारा माणूस तिनं पाठमोरा पाहिला होता. अशा मुलीला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी महिला हवालदाराला घेऊन मीच तिच्या घरी गेलो. घर आमच्यासारखंच, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं मराठी. तिच्या वडिलांनी कॉफी दिली. मी शहाळीवाल्याचा फोटो तिच्यापुढे धरला.

"तोंड दिसलं नाही, सार," ती तमिळमध्ये म्हणाली.

त्यानंतर मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. हवालदारबाईंना मराठी येत नव्हती. मी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात मराठीत सुरू झालो. "अगं बाळ, चोर हाच आहे, मला पक्कं ठाऊक आहे. तू नुसतं 'हाच तो' म्हण. आपल्या माणसाचं एवढं ऐकायचं नाहीस?"

ती मान खाली घालून बसली. मग ती तमिळमध्येच, हवालदारबाईंना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सार, तुम्हीच आमच्या शाळेत सांगितलंत, पाहिलं तेवढंच सांगायचं, समोर कोणीही असो. मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. मला 'हाच तो' म्हणायला लावू नका."

झालं! दर महिन्याला तिच्या शाळेत जाऊन मी सचोटीवर भाषण ठोकायचो. या पोरीनं ते मनापासून ऐकलं होतं, मी स्वतः ऐकलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हवालदारबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"बरं," मी शेवटी तमिळमध्ये म्हणालो, "मग पाहिलंस ते काय?" हा साधा प्रश्न मी तोवर विचारलाच नव्हता.

"गुंडाळलेलं ते आडवं धरलं होतं, म्हणून मागूनही त्याचे हात दिसत होते. एक गोल बाजूखाली, दुसरा मानेखाली. आम्हाला शिकवतात तसाच. तो माणूस वीणा शिकलेला होता, सार."

तडक शिक्षिकेकडे गेलो. मुलीचं म्हणणं ऐकून त्यांनी एका जुन्या शिष्याचं नाव घेतलं. वीणा त्याला द्यायचं कबूल करून नंतर त्यांनी मन बदललं होतं. त्याच्या घरी वीणा खाटेवर ठेवलेली मिळाली, आईची शाल पांघरलेली. त्यानं आढेवेढे न घेता कबुली दिली, पुढचं कोर्टानं पाहिलं. शहाळीवाल्याला सोडताना मी हात जोडले, तर तो बिचारा जास्तच घाबरला.

पुढच्या महिन्यात शाळेत गेलो तेव्हा भाषण बाजूला ठेवलं आणि सगळी हकिगत तमिळमध्ये वर्गासमोर सांगितली. मुलीचं नाव घेतलं नाही, माझी चूक लपवली नाही. बातमी वर पोचली आणि वरिष्ठांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. रास्तच होतं ते.

मुलांना सचोटी भाषणानं शिकवता येते का, मला अजून माहीत नाही. पण ती आपलं बोलणं खरं मानून चालतात, तेव्हा मोठ्यांनी जपून बोलावं आणि बोललेलं पाळावं. आवाज खाली आणून जे सांगावं लागतं, ते बहुतेक वेळा सांगण्यासारखं नसतं. त्या पोरीनं एका माणसाचं घर वाचवलं आणि मला खोट्या साक्षीच्या पापातून बाहेर ओढलं. तिचे उपकार मी कसे फेडणार?

वर्गात हकिगत सांगितली त्या दिवशी तास संपल्यावर ती मुलगी फळ्याजवळ आली. मराठी समजणारी, पण बोलायला लाजणारी. अडखळत म्हणाली, "काका, आता आपल्या भाषेत बोला."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हणालो, "बोलेन, बाळ. सगळ्यांना ऐकू जाईल असं."