कच्च्या पपईचा चीक

केदारखेड्याच्या राधाकिसनला दात तीनच उरलेले. जत्रेच्या बोकडाचा वाटा घरी आला की लोक विचारायचे, "मामा, चावणार कोन?" बायको तुळजाबाई होती तोवर हा प्रश्नच नव्हता. ती मटनात कच्ची पपई घालायची आणि निबर मांसही हिरड्यांखाली मोडायचं.

ती गेल्याला दोन जत्रा झाल्या. त्या चवीसाठी राधाकिसनचा जीव नुसता तुटायचा. गेल्या साली त्यानं दारची पपई तोडली, चिकानं अंग खाजतं म्हणून आधी उकळून घेतली आणि मग रश्श्यात टाकली. मटन चप्पल ते चप्पलच राहिलं.

यंदा त्यानं लेकीला फोन लावला. रेणुका परतूरला शाळेत विज्ञान शिकवते.

"उकळली? आबा, मेलं की ते!"

"काय मेलं?"

"चिकात एन्झाइम असतं. ते मटनाचे धागे तोडतं. एक तोडला की दुसऱ्याला भिडतं, सोता सरत न्हाई. आपल्या पोटात बी असले एन्झाइम असतेत, म्हणून अन्न जल्दी पचतं. न्हाईतर एका भाकरीला वरीस लागलं असतं. पण लई ताव लागला का त्याची घडी मोडती. मंग बिलकुल काम करत न्हाई."

"म्हंजी तुझ्या मायसारखंच. आवाज चढला का दिवसभर कामाला हात लावायची न्हाई."

रेणुका हसली. "कच्ची वाटून चोळा, तासभर झाकून ठिवा. जास्ती ठिवलं तर लगदा व्हईल. माय किती येळ ठिवायची?"

राधाकिसनला सांगता येईना. उभी हयात तो मेंढरांमागं रानात. त्यानं पाहिलं ते चुलीवर चढलेलं भगुनं.

शेजारच्या बेबीनंदाला ठाऊक होतं. "मामी घड्याळ कुटं बघायची! तुमच्या मेंढरांच्या घंट्या नाल्यावर वाजल्या का भगुनं चुलीवर. तुमी रेंगाळले का लगदा व्हायचा, अन् वर तुमी तिलाच बोलायचे."

मेंढरं तर कधीच विकली होती.

त्यानं वाटण चोळलं, भगुनं झाकलं आणि शेजारी बसला. तास भरला, मोबाइलचा गजर वाजला. त्याचा कान नाल्याकडंच.

"मामा, ठिवा की चुलीवर!" बेबीनंदा दोनदा ओरडली, तेव्हा तो उठला.

चव बराबर तीच होती. मटनाचा मात्र लगदा झाला होता. राधाकिसननं तो ताटली पुसून खाल्ला, एक शब्द न बोलता.