‘जातो’ म्हणू नये

कोथरूडला मी जेवतो त्या मेसचे आचारी सुंदरबनातल्या एका बेटावरचे. मराठी छान बोलतात, चूक एकच. निघताना म्हणतात, “जातो.”

“जातो म्हणू नये हो, येतो म्हणावं!” मेसच्या काकू रोज फटकारतात. ते नुसते हसतात.

“आमच्यातही तसंच म्हणतात,” एकदा मला म्हणाले. “घर सोडताना मी ‘येतो’च म्हणालो होतो. समुद्र चढत गेला, घर गेलं. आता खोटं बोलवत नाही.”

मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो, हे त्यांना ठाऊक होतं. “सर, तुमच्या कायद्यात आम्ही निर्वासित का?”

“नाही. माणसानं छळलेलं लागतं, वर देशाची सीमा ओलांडावी लागते. समुद्रानं हाकललेलं चालत नाही.”

वर्गात सहज म्हणतो ते वाक्य ताटावर बसून म्हणताना जड गेलं. त्यांनी न विचारता आणखी एक पोळी वाढली.

परवा मी तापानं पडलो, तर मऊ भात घेऊन घरी आले. मी खाईपर्यंत बसले, भांडं विसळलं, चपला घातल्या. दारात जरा घुटमळले.

“येतो, सर.”

“या,” मी म्हणालो. “वाट बघतो.”