बॅटरी कोणी उलटी लावली

महाडच्या एसटी डेपोमागे भिकाजी मिस्तरीचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक बाकडं. पण पोलादपूरपासून माणगावपर्यंत कुणाच्या गाडीचा डायनॅमो बसला की लोक नाव घ्यायचे ते भिकाजीचं. तरुणपणी मुंबईच्या एका गॅरेजात तो हे काम शिकला होता. हात सोन्याचा. तोंड मात्र असं की चूक कबूल करायची वेळ आली की दातखीळ बसायची. गिऱ्हाईक बिचारं गप्प बसायचं आणि मिस्तरीचा रुबाब आणखी वाढायचा. कौतुकाची ही सवय वाईट, लागली की सुटत नाही.

पोलादपूरच्या वर डोंगरावर एक वाडी आहे. तिथल्या रावजींकडे एक जुना विलायती ट्रॅक्टर होता. वाडीत दुसरं वाहन नव्हतं. खत, भाताच्या गोणी, आजारी माणूस, सगळं त्याच्याच ट्रॉलीतून खाली उतरायचं. चालवायचा नाथू. तो रावजींचा भावकीतलाच, पण स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे काही नव्हतं. जे होतं ते त्या ट्रॅक्टरच्या सीटवर. पोरं त्याला डायवरकाका म्हणायची आणि त्यावर तो मनापासून खूश असायचा.

डायनॅमो म्हातारा झाला होता. घाट चढताना ट्रॅक्टर हळू चालायचा, तेवढ्या वेगात बॅटरी भरायची नाही. दर दोन दिवसांनी धक्का मारा. शेवटी रावजींनी भिकाजीला वर बोलावलं. भिकाजीने पाहिलं आणि सांगितलं, "डायनॅमो काढून टाका. अल्टरनेटर बसवू. इंजिन हळू चाललं तरी चार्जिंग देतो."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याने काम केलं. नवा ब्रॅकेट ठोकला, पट्टा बसवला, वायरिंग बदललं. बॅटरी तेवढी पोलादपुरात चार्जिंगला गेली होती, ती संध्याकाळच्या जीपने यायची होती. भिकाजीला मात्र शेवटची एसटी गाठायची होती. पिशवी उचलता उचलता तो नाथूला म्हणाला, "बॅटरी आली की जशी होती तशी लाव. बाकी सगळं मी केलंय."

"उलटी-सुलटी नाय ना होनार, मिस्तरी?"

"अरे, जशी होती तशी!" भिकाजी उतारावरून ओरडला आणि चालू लागला.

त्या जुन्या विलायती ट्रॅक्टरला बॅटरीची प्लसची तार ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला जोडलेली असे. डायनॅमोला ते चालायचं. अल्टरनेटरला चालत नाही. त्याला मायनसची तार अंगाला लागते, नाहीतर तो तिथल्या तिथे जळतो. हे भिकाजीला झोपेतही ठाऊक होतं. त्या दिवशी घाईत ते त्याच्या डोक्यातून साफ निसटलं.

दसऱ्याला सकाळी ट्रॅक्टर धुतला. झेंडूचा हार घातला. साळूबाई, म्हणजे रावजींची बायको, पूजेचं ताट घेऊन उभी होती. नाथूने प्लस अंगाला जोडली, वर्षानुवर्षं होती तशी. दुसरी तार टेकवली मात्र, जाड वायर लाल झाली आणि बॉनेटखालून धुराचा लोट उठला. साळूबाई ताट घेऊन मागे सरली. ऐन दसऱ्याला, हार घातलेल्या यंत्रातून धूर! वाडीत त्याला अपशकुन म्हणतात, आणि अपशकुन झाला की तो कुणाच्या हातून झाला ते शोधलं जातंच.

दुसऱ्या दिवशी भिकाजी आला. बॉनेट उघडल्याबरोबर त्याला सगळं कळलं. भोवती सगळी वाडी उभी होती. रावजींनी विचारलं, "काय झालं, मिस्तरी?"

"बॅटरी उलटी लावली," भिकाजी म्हणाला.

खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. कोणी लावली, ते त्याने सांगितलं नाही. फक्त नाथूकडे पाहिलं, आणि तेवढं पुरलं.

"पन मिस्तरी, तुमीच..." नाथूने तोंड उघडलं.

"गप रे!" रावजी गरजले. "मिस्तरी जल्मभर ह्योच धंदा करतो, त्याला तू शिकवनार?"

भिकाजी खाली वाकला आणि आधीच घट्ट असलेला नट पुन्हा आवळत बसला. वाईट वाटलं त्याला.

नवा अल्टरनेटर त्याने पदरचा आणून बसवला आणि मजुरी घेतली नाही. मन शांत होईल असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. वाडीभर बोलबाला झाला, मिस्तरी किती मोठ्या मनाचा! नाथूची सीट गेली. रावजींचा मुलगा मंगेश मुंबईहून परतला होता, तो चालवू लागला. नाथू म्हशींमागे फिरू लागला. पोलादपूरच्या बाजारात तो एकदा भिकाजीला दिसला, तेव्हा भिकाजी चक्क भांड्यांच्या दुकानात शिरला आणि नको असलेलं पातेलं घेऊन बाहेर आला. इतकी लाज, की माणूस पातेल्यामागे तोंड लपवतो.

शिमग्याला रावजींचं बोलावणं आलं. पालखी बसली की मानाचा नारळ मिस्तरींच्या हातून. नाही म्हणायला भिकाजीला कारण सापडलं नाही. होतं ते एकच, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

ग्रामदेवीची पालखी सहाणेच्या दगडी ओट्यावर ठेवली होती. ढोल थांबले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पावसाचं, गुरांचं, मुंबईला गेलेल्या लेकरांचं. दर वाक्याला सगळे एका आवाजात म्हणत होते, "होय म्हाराजा!" भिकाजीही म्हणत होता. मग गुरव म्हणाला, "दसऱ्याच्या दिशी नाथूच्या हातनं जी काय चूकभूल झाली, ती आई पदरात घे!"

"होय म्हाराजा!"

या आवाजात भिकाजीचा आवाज होता. त्याने स्वतःच्या कानाने ऐकला. पलीकडे नाथू हात जोडून उभा होता, आणि तोही तेच म्हणत होता. खालमानेने, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

भिकाजीला भर माणसांत नागडं झाल्यासारखं वाटलं.

"थांबा," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाला, "थांबा. चूक नाथूची नाही. बॅटरी जशी होती तशी लाव असं मीच सांगितलं होतं. तशीच त्याने लावली. तारा बदलायच्या असतात हे मी विसरलो. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसलो."

रावजी मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी मंगेशच्या हातातून ट्रॅक्टरची चावी घेतली आणि नाथूपुढे धरली.

नाथूने चावीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो भिकाजीकडे बघत होता. राग नव्हता त्याच्या तोंडावर. राग असता तर भिकाजीला बरं वाटलं असतं.

"मिस्तरी," तो हळूच म्हणाला, "मंग मी इतकं दिस रोज देवळात जाऊन आईकडं माफी मागतोय, ती कशाची?"

गुरव नारळासाठी हात पुढे करून उभा होता, आणि हातातला मानाचा नारळ त्याला द्यायची भिकाजीची हिंमत होईना.