तो मेलाच नव्हता

बालाघाटात मराठी कादंबरी म्हणजे उंबराचं फूल. पाहिजे असली त राजेगावचा नाका ओलांडून गोंदियाले जा लागते. माझी सून बाजाराले गेलती, तिनं तिथून माझ्यासाठी एक आणली. ती बिरसा गावची, सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. तिले मराठी पुस्तकातलं काय समजते? कव्हरवर धुक्यात उभा एक देखणा बाप्या आन् मोकळ्या केसांची पोरगी, एवढं पाहून तिनं घेतली. मागच्या पानावर लिहिलं होतं, मेलेला प्रियकर परत येते. ते वाचलं आन् मी पुस्तक हातातून सोडलंच नाई.

काहून, ते सांगते. मागच्या साली होळीनंतर आमचे हे दुपारी जेवून जरा लवंडले, ते चहाले उठलेच नाई. ना दुखणं, ना खुपणं. जन्मभर माझं डोकं खाल्लेला माणूस, आन् जातानी एक शब्द नाई बोलला! वर्षभर माह्या मनात एकच, की हे परत आले त पहिल्यांदा काय बोलतील? भुताखेतावर माझा विश्वास नाई. पण लिहिणाऱ्यानं काही तरी इचार केला असंल न, म्हणून दुपारी कूलरसमोर चष्मा लावून बसली.

अरे देवा! तो मेलेला बाप्या दर पुनवेले धुक्यातून येते, कस्तुरीचा वास सोडते, अन् तिच्या डोळ्यात पाह्यत राह्यते. बोलला त काय बोलते? 'मी युगानुयुगे तुझाच आहे.' बस! पुढच्या पुनवेले पुन्हा तेच. अबे, जेवली का, घरी कसं चालू हाय, माह्या मायची तब्येत कशी हाय, काही तरी इचार! अन् ती बयाही तशीच. मेलेला माणूस समोर उभा, अन् ही लाजून राह्यली. तिथं कसं वाटते, भूक लागते का, काही इचारलं नाई तिनं. मी असती त आधी चांगली झाडली असती, न सांगता काहून गेले म्हणून.

आमचे हे युगाबिगाचं बोलणारे नव्हतेच. त्यायले शुगर. खीर उकळली की साखर टाकायच्या आधी त्यायच्यापुरती वाटी मी बाजूले काढून ठेवायची. अन् हे दर वेळी पाटावर बसले की लहान पोरासारखं इचारायचे, 'साखर टाकली का वं?' मी म्हणायची, नाई. मंग तोंड पाडून खायचे.

तरी म्हटलं, शेवटी असंल काही. पदर खोचून नेटानं वाचत राह्यली. अन् शेवटी काय? तो मेलाच नव्हता! कुठल्या तरी दवाखान्यात बेहोश पडला होता म्हणे, नुसता आत्मा फिरून राह्यला होता. शेवटच्या पानावर डोळे उघडले, अन् लगीन. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक खाटेखाली भिरकावलं.

सून धावत आली. तिले सांगितलं त म्हणते, "आई, हॅपी एंडिंग तो है. अच्छा ही हुआ न?"

"काय खाक अच्छा!" मी म्हटलं. "मेलेला माणूस मेलेलाच राह्यते. त्याले जिता करून मोकळं व्हाचं, हे त कोनालेही जमते. तो खरंच गेला, मंग त्या पोरीनं कसं राहाचं, ते लिहा न!"

आठ-पंधरा दिवसांनी अक्षय तृतीया आली. आमच्या यायच्या नावाची पहिली घागर. कोरी घागर पाण्यानं भरली, वर आंबा ठेवला. कुरड्या तळल्या, शेवयाची खीर केली, पितरांचं पान वाढाले घेतलं. हात चालू होते, अन् तोंडानं त्या कादंबरीवाल्याचा उद्धार चालूच होता. गेलेला माणूस गेलाच, इतकी साधी गोष्ट त्या पोरीले कशी समजली नाई, काय की.

"आई," सून पानाकडे पाहून म्हणाली, "ये खीर की कटोरी अलग काहून रखी? चीनी वाली तो इधर है."

"अलग काहून म्हणजे?" मी खेकसली. "त्यायले शुगर हाय, तुले मालूम नाई?"

सुनेनं साखरेचा डबा आणला अन् माह्यासमोर ठेवला.

मी पानाकडे पाह्यलं. घागरीकडे पाह्यलं. चमचा घेतला, तसाच ठेवला. मंग डबाच वाकडा केला, वाटीत पडंल तेवढी पडू देली.

"टाकली जी," म्हटलं. "खा आता."