आपल्याच चपलेवर
घुग्घुसच्या बसस्टँडजवळ तो चपला शिवायला बसायचा. माझ्या कुत्र्याच्या पिल्लानं कुरतडलेली सँडल घेऊन मी गेले, तर त्याच्याही शेजारी एक पिल्लू होतं. कोळशाच्या धुळीनं काळ्या झालेल्या गिऱ्हाइकांच्या चपलांना टेकून ते ओल्या चिंधीची गाठ चावत होतं.

"बाई, तुमी त्याले जुनी चप्पल खेळाले देली असन," सँडल उलटीपालटी करत तो म्हणाला.

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग जुनी कोणती, नवी कोणती, त्याले काय समजते? माह्यावाल्यानं गिऱ्हाइकाच्या चपलेले कधी दात नाई लावला."

दोरा घ्यायला तो उठला, तेव्हा त्याच्या पायातली चप्पल दिसली. तिचा अंगठा पार चघळलेला होता. माझी नजर त्यानं हेरली, पण पाय लपवला नाही.

"आपल्याच चपलेवर शिकलो, बाई. गिऱ्हाइकाच्या नाई."