करंगळीवरची खूण

आमच्या सिस्टर बेल वाजवण्याआधी दाराबाहेर मिनिटभर नुसत्या उभ्या राहायच्या. बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि त्यांची पन्नाशी उलटलेली, पण धापा टाकत कुणाच्या दारात जायचं नाही, हा त्यांचा हट्ट. "दमलेली बाई दिसली की लोक पाणी देतात नि लस राहून जाते," म्हणायच्या. खांद्याला लशींचा निळा डबा. आत बर्फ असतो हे कळल्यापासून पोरं त्यांना 'बर्फवाल्या बाई' म्हणायची.

कुणी नाही म्हटलं तर त्या वाद घालत नसत. "बरं, पुढच्या बुधवारी येते," एवढंच. आणि यायच्या हो!

मी मात्र शिकलेली ना! मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून डॉक्टरांच्याही वरची झाले होते. गोवर-रुबेलाची मोहीम आली, तेव्हा लस टोचायच्या दिवशी सईला शाळेतच पाठवलं नाही. मग सिस्टर घरी येणार हे ठाऊक होतं, म्हणून मार्कर घेतला आणि लेकीची करंगळी रंगवून ठेवली. पोलिओच्या वेळी पाहिली होती ना खूण! "शहाडला माहेरी गेलो होतो, तिथेच दिली," असं ठोकून दिलं.

सिस्टरांनी सईची करंगळी हातात घेतली, पाहिली आणि तिला आत खेळायला पाठवलं. मग हळूच म्हणाल्या, "बाय, ती खूण पोलिओची. या लशीला अंगठ्यावर करतो आम्ही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड चाललंच, "माझी मुलगी आहे. निर्णय माझा."

"तुझाच. मी काय जबरदस्ती नाय करत. पण खालच्या सुरेखाचं बाळ सहा महिन्यांचं. त्याला नऊ महिने भरल्याशिवाय ही लस देता येत नाय. त्याचा निर्णय कोणी घ्यायचा?"

मी दार लावून घेतलं.

महिन्याभरात सई तापली, नाक गळायला लागलं. तशातही ती सुरेखाकडे बाळाला मांडीवर घेऊन बसायची. मग अंगभर पुरळ उठलं. मी सुरेखाला सांगितलं, घामोळं आहे. सई बरी झाली आणि बाळ दवाखान्यात गेलं. वाचलं, पण डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. सुरेखाची सासू तिलाच बोलायला लागली, अंबरनाथला बहिणीच्या हळदीला नेलंस म्हणून बाधलं. सुरेखाही रडत तेच म्हणायची, "माझीच चूक गं." आणि मी, निर्लज्ज, तिच्या पाठीवरून हात फिरवायचे.

तापाची चौकशी करायला सिस्टर घरोघर फिरल्या, तेव्हा माझ्याकडेही आल्या. पुरळ कधी उठलं ते विचारलं, वहीत लिहून घेतलं. जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "मी नाय सांगणार कोणाला. ते तुझं काम. पण त्या सुरेखाच्या डोक्यावरचं ओझं उतरव."

त्यानंतर सईच्या राहिलेल्या सगळ्या लशी त्यांनीच दिल्या. आवाजात कधी टोमणा नाही. फक्त डबा उचलताना विचारायच्या, "सांगितलंस?"

"या आठवड्यात नक्की, सिस्टर."

"बरं, पुढच्या बुधवारी विचारते."

अशी वर्षं गेली. त्या निवृत्त झाल्या, तरी शिवमंदिराजवळच्या बाजारात भेटल्या की भाजीची पिशवी खाली ठेवून तोच प्रश्न. नंतर नंतर तर त्या लांबून दिसल्या की मी गल्ली बदलायचे.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर त्या गेल्याची बातमी आली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? आता विचारणारं कुणी नाही. सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाची जितकी लाज वाटते, तितकी त्या रंगवलेल्या करंगळीचीही वाटत नाही.

काल बुधवार होता. दुपारी मी एक मजला खाली उतरले. सुरेखाच्या दाराशी पोचले तर छाती धडधडत होती. मिनिटभर नुसती उभी राहिले, श्वास जागेवर येऊ दिला आणि बेल दाबली.