जोडीतली दुसरी कुपी

प्रयोगशाळेतलं काचसामान धुणाऱ्या मावशींच्या हातून एकोणीस वर्षांत चार चंचुपात्रं फुटली होती. चारही वेळा तुकडे कागदावर घेऊन त्या आधी सरांकडे गेल्या होत्या. पाचव्या वेळी मात्र जीभ रेटली नाही. फुटली ती क्वार्ट्झची चौकोनी कुपी, करंगळीएवढी, जोडीतली एक. चकचकीत बाजूला बोट लावायचं नाही, खरबरीत बाजूनेच धरायची, हे नव्या पोरांना शिकवायच्या त्याच. सर गावाला गेले होते. मावशींनी कपाटातली हुबेहूब दिसणारी काचेची कुपी डबीत ठेवली. सर आले की सांगू, असं मनाशी म्हणाल्या. सर आले, सांगायचं राहिलं.

त्या जोडीत एक संशोधक मुलगी प्रथिन मोजायची. एका कुपीत नुसतं द्रावण, दुसरीत प्रथिन घातलेलं. दोन्हींतून डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश सोडायचा. प्रथिन जितकं जास्त, तितका तो जास्त शोषला जातो.

आठवडाभर यंत्र भलताच आकडा दाखवत होतं.

"निम्मं पातळ केलं तरी आकडा ढिम्म," मुलगी म्हणाली. "माझ्या आत्यासारखा. काहीही करा, हलायचं नाव नाही."

"प्रथिन नासलंय," सर म्हणाले. "ओतून दे, नव्याने कर."

आठ महिन्यांचं काम होतं. मुलीने प्रथिनाची नळी मावशींच्या हातात दिली. "तुम्हीच ओता. मला नाही बघवणार."

मावशींनी बेसिनचा नळ सोडला. नळी नुसती उलटी करायची होती. त्यांनी नळ बंद केला.

"पोरी, आकडा कधीपासून बिघडलाय?"

"मागच्या सोमवारपासून."

"त्याच्या आधल्या शनिवारी माझ्या हातून कुपी फुटली. डबीत आहे ती साधी काच."

मुलीने डबी ओढून घेतली. "अहो, साधी काच हा प्रकाश स्वतःच अडवते! क्वार्ट्झमधूनच तो आरपार जातो."

तिने शाबूत कुपी घेतली. आधी द्रावण मोजलं, मग तीच धुऊन प्रथिन. शून्य पूर्णांक बासष्ट. निम्मं पातळ केल्यावर शून्य पूर्णांक एकतीस.

"आठ दिवस पोटात ठेवलंत? तुमच्यापुढे बसून रडले मी!"

"हो. तेव्हाच सांगायला हवं होतं," मावशी म्हणाल्या. सबब त्यांनी सांगितली नाही.

आवाज ऐकून सर दारात आले.

"प्रथिन चांगलं आहे, सर," मुलगी म्हणाली. "कुपी फुटलीय. आमच्या हातून."

"आमच्या नव्हे. माझ्या."

"मावशी, गप्प बसा हो जरा!" मुलगी फणकारली, आणि त्यांचा ओला हात तिने घट्ट धरला.